फेज ट्रान्झिशन: अवस्थांतर म्हणायचं की प्रावस्था संक्रमण?

मंडळी, एक शब्द अडलाय. निकेल-मँगनीज-गॅलियम या मिश्रधातूवर मराठीत लेख लिहितेय, दिवसभर लॅबमध्ये एक्सआरडी मशीनवरच (क्ष-किरणांनी अणूंची मांडणी दाखवणारं यंत्र) असते त्यामुळे विषय हातातला आहे पण शब्द सापडत नाहीत. फेज ट्रान्झिशनला 'अवस्थांतर' लिहिलं तर वाचणाऱ्याला शाळेतलं बर्फ-पाणी-वाफ आठवणार, आणि इथे तर काहीच वितळत नाही, घनाचा घनच राहतो, नुसती अणूंची मांडणी बदलते. द्रव नायट्रोजनने थंड करत −७१ सेल्सियसच्या आसपास आलं की स्क्रीनवरच्या आलेखात ४४ अंश कोनाच्या जरा अलीकडे जे एकच उंच शिखर असतं ना, ते बसायला लागतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नवीन फुटतात. तापवलं की परत एकच. कितीदा पाहिलं तरी मी काम थांबवून बघत बसते. याला काय म्हणू?

—

प्रावस्था म्हणा. रसायनशास्त्रात 'प्रावस्था नियम' रुळलेला आहे, आणि अवस्था तीच राहून प्रावस्था बदलते असं लिहिता येतं, तुम्हाला हवा तो फरक नेमका तिथेच आहे. 'संक्रमण' मात्र कोविडनंतर हिंदी बातम्यांमुळे लोकांना रोगाचं वाटायला लागलंय, आपल्याकडे त्याला संसर्ग म्हणतात. संक्रमण म्हणजे सूर्याचं मकरेत जाणं, एकीकडून दुसरीकडे ओलांडणं, तो अर्थ आपण सोडू नये असं मला मनापासून वाटतं. आणि एक, 'घनाचा घनच' नको, कारण तुमची गरम प्रावस्था पण घनाकृती आहे. सॉलिडला स्थायू लिहा, घन क्युबिकसाठी ठेवा.

—

मी धातुशास्त्रवाला. संक्रमण चालेल, पण यातले अणू शेजारी सोडून कुठे जात नाहीत हे सांगाच. लेझीमच्या पथकात सगळी रांग एका ठेक्यावर अर्धं पाऊल सरकते, शेजारचा शेजारीच राहतो, तसं. ऑस्टेनाइट (गरम प्रावस्था) आणि मार्टेन्साइट (थंड प्रावस्था) यांचं भाषांतर करू नका, रॉबर्ट्स-ऑस्टेन आणि मार्टेन्स या माणसांची नावं आहेत ती.

खरी अडचण 'चुंबकीय आकारस्मृती मिश्रधातू'त आहे, म्हणजे मॅग्नेटिक शेप मेमरी अलॉय, आधीचा आकार लक्षात ठेवणारा, तुमचा त्यातलाच. वाचताना आकारच चुंबकीय वाटतो. मी 'आकारस्मृती असलेला चुंबकीय मिश्रधातू' लिहितो, लांब आहे पण बरोबर आहे.

—

दोघांचे आभार, प्रावस्था संक्रमण आणि स्थायू दोन्ही घेतले. शिखर मुद्दाम लिहिलंय, लॅबमध्ये आम्ही सगळे पीकच म्हणतो पण देवनागरीत 'पीक फुटलं' वाचून लोक शेतात जातील. पूड अकीकाच्या खलात कुटून तशीच लावली तर शिखरं पसरट येतात, कुटताना बसलेला ताण आधी भट्टीत तापवून काढावा लागतो, तो परिच्छेदही घातलाय.

आता राहिलं ट्विन बाउंड्री, म्हणजे दोन जुळ्या पट्ट्या जिथे भेटतात ती जागा. चुंबक जवळ आणल्यावर तो तुकडा लांबतो तेव्हा सहसा प्रावस्था बदलतच नाही, मार्टेन्साइटमधल्या जुळ्या पट्ट्यांपैकी चुंबकाला सोयीची पट्टी वाढते आणि दुसरी आक्रसते. १९९६ साली एमआयटीतल्या गटाने लांबीतला असा बदल दाखवला तेव्हा तो ०.२ टक्के होता, पुढे १० टक्क्यांच्या जवळ गेला. मी 'जुळ्यांची सीमा' लिहिलं होतं, पण सीमा म्हटलं की ती एका जागी ठाम वाटते.

—

बांध लिहा ना. शेजाऱ्याने बांध कोरला की त्याचं रान वाढतं आणि आपलं तेवढंच कमी होतं, दोन्ही मिळून जमीन तेवढीच. गावाकडच्या माणसाला दुसरं काही समजवावं लागणार नाही.

—

घेतला. फक्त पुढच्याच ओळीत अणूंमधला 'बंध' आलाय, तिथे वाक्य मोडून दोघांना लांब ठेवते.