नोड-एलिमेंटचे नंबर आपण ठरवायचे की सॉफ्टवेअरवर सोडायचे?

मकरपुरा_मेश
बडोद्यात प्रेशर व्हेसल, हीट एक्स्चेंजरचं अ‍ॅनालिसिस करणारे आपण बरेच जण आहोत म्हणून इथे विचारतोय. माझं मत आधीच सांगतो, मॉडेलमधले नोड आणि एलिमेंटचे (वस्तूचे छोटे तुकडे म्हणजे एलिमेंट, त्यांचे कोपरे म्हणजे नोड) नंबर आपल्या ताब्यात हवेत, मेशरने (तुकडे पाडणाऱ्या प्रोग्रामने) जे टाकले तेच घेऊन पुढे जायची सवय धोक्याची आहे.

कशावरून म्हणतो ते ऐका. मागच्या महिन्यात एका व्हेसलच्या नोझलचं (टाकीला जोडलेल्या नळीचं) काम होतं. नोझल शेलला (टाकीच्या भिंतीला) मिळतं तिथे भिंतीच्या आरपार पाथ घ्यायचा, स्ट्रेस लिनियराइझ करायचा, मेंब्रेन (जाडीभर सरासरी) वेगळा, बेंडिंग (वाकण्याचा) वेगळा, नेहमीचंच. पाथच्या दोन टोकांचे नोड नंबर आमच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेले. मग ड्रॉइंग बदललं, नोझलभोवतीचा मजबुतीचा पॅड १२ मिमीचा १४ झाला, मेश परत केला, स्क्रिप्ट चालवली आणि स्ट्रेस छान कमी आला, आम्हाला वाटलं पॅड जाड केला म्हणून कमी झाला. दुसऱ्या दिवशी रिपोर्टसाठी चित्र काढताना दिसलं की ते दोन नंबर आता सॅडलजवळच्या (व्हेसल ज्यावर टेकतं त्या आधाराजवळच्या) शेलवर जाऊन बसलेत. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. रिपोर्ट क्लायंटकडे गेला नव्हता म्हणून वाचलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं.

तेव्हापासून मी रेंज ठरवल्यात. शेल १ लाखापासून, नोझल २ लाखापासून, सॅडल ३, बोल्ट ४, आणि जिथे रिझल्ट वाचायचाय ते नोड ९ लाखाच्या पुढे. ऑफिसातले अर्धे लोक म्हणतात हे जुनाट आहे. तुमचं काय म्हणणं?

सेट_बांधा
दादा, झालं ते वाईटच, पण औषध चुकीच्या जागी लावताय असं मला ठामपणे वाटतं. स्क्रिप्टमध्ये नंबर लिहिला हीच मुळात चूक.

समजा नोझलला २ लाखाची रेंज आधीच दिली होती. मेश परत केल्यावर २०४५१२ नंबरचा नोड नोझलवरच राहिला असता, पण वेल्डजवळ होता तो फ्लेंजकडे सरकला असता. मग चूक सापडायला दुसरा दिवस नाही, आठवडा लागला असता, कारण चित्रात नोड नोझलवरच दिसतोय म्हणजे बरोबर असणार असं सगळे धरून चालले असते! रेंजने तुम्हाला खोटा दिलासा मिळतो.

जॉमेट्रीला नाव द्या. अ‍ॅन्सिसमध्ये नेम्ड सिलेक्शन, अबॅकसमध्ये सेट (दोन्ही अशा कामाची सॉफ्टवेअर), नाव काहीही असो काम एकच, ती कड किंवा तो पृष्ठभाग धरून ठेवायचा, मेश दहा वेळा बदलला तरी सेट नव्या नोडांवर आपोआप बसतो. नंबर ही फक्त चिठ्ठी आहे. आणि नीट नंबर दिले की सॉल्व्ह पटकन होतं असं कुणी म्हणेल तर तेही आता राहिलं नाही, स्पार्स सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा आजचा प्रोग्राम) समीकरणांचा क्रम आत स्वतःच लावून घेतो.

ग्राफपेपर_बडोदा
शेवटच्या वाक्यावर थोडं बोलतो, कारण कलाभवनात (इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात) शिकून बाहेर पडलो तेव्हा आम्ही मेश ग्राफपेपरवर काढून हातानेच नंबर घालायचो आणि त्याची कारणं तुम्हा मुलांना माहीत असायला हवीत.

एक साधी पट्टी घ्या, १० बाय १०० चौकोनी एलिमेंटची, नोड होतात ११११. आखूड बाजूने नंबर देत गेलात तर एका एलिमेंटमधल्या नोडांच्या नंबरांतला सगळ्यात मोठा फरक १२, लांब बाजूने दिलेत तर १०२. नोडला २ डिग्री ऑफ फ्रीडम (हलायच्या दिशा) धरले की हाफ बँडविड्थ (मॅट्रिक्समध्ये कर्णापासून साठवायच्या पट्ट्याची रुंदी) एकीकडे २६ आणि दुसरीकडे २०६. मेमरी जवळजवळ ८ पट, आणि वेळ बँडविड्थच्या वर्गाने वाढतो म्हणून ६० पटीच्या वर. तीच पट्टी, तोच लोड, तेच उत्तर! चुकीच्या बाजूने नंबर घातले म्हणून मॉडेल मशीनमध्ये बसायचंच नाही, परत नवा कागद घ्यायचा.

मग कटहिल आणि मॅकी यांची १९६९ ची, नोडांचा क्रम आपोआप लावून बँडविड्थ कमी करायची रीत होती, तिच्यात मिळालेला क्रम उलटा केला की आणखी फायदा होतो हे जॉर्ज यांनी दाखवलं. आयर्न्स यांचा फ्रंटल सॉल्व्हर १९७० चा, त्यात तर नोडचे नंबर कसेही असले तरी चालायचे, एलिमेंट कोणत्या क्रमाने येतात ते महत्त्वाचं. म्हणजे वेगाचं कारण हळूहळू सॉफ्टवेअरने स्वतःकडे घेतलं आणि ते चांगलंच झालं. त्यामुळे वेगासाठी आज कुणी हाताने नंबर लावत बसला तर मी त्याला थांबवीन. पण मकरपुरा, तुझी काळजी वेगळी आहे आणि ती मला पटते. नंबर वाचून मॉडेल डोळ्यांपुढे उभं राहायचं, ती ताकद मी वापरलेली आहे.

पीथमपूरचा_पाहुणा
मी इंदूरकडचा, गाड्यांच्या कामातला, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. सेट_बांधा, तुमचं म्हणणं एका माणसाच्या एका मॉडेलला लागू आहे. आमच्याकडे बॉडी एक टीम करते, सीट दुसरी, दरवाजे तिसरी, आणि सगळं शेवटी एका डेकमध्ये (इनपुट फाइलमध्ये) येतं. प्रत्येकाने १ पासून सुरुवात केली तर काय होईल विचार करा. म्हणून प्रत्येक टीमला रेंज वाटून दिलेली असते आणि ती मोडली तर फाइल परत जाते. एलएस-डायना सॉफ्टवेअरमध्ये इन्क्लूड करताना (दुसरी फाइल जोडताना) नोड, एलिमेंट, पार्ट सगळ्यांना ऑफसेट देता येतो, म्हणजे नंबर ठरावीक आकड्याने वर सरकवता येतात, तरी आम्ही रेंज सोडत नाही, कारण सहा महिन्यांनी एरर फाइलमध्ये एक नंबर दिसतो आणि कुणाला फोन करायचा ते लगेच कळतं.

सेट_बांधा
हे मान्य, मोठ्या जोडकामात रेंज हवीच. पण अबॅकससारख्या ठिकाणी इन्स्टन्सचं (मॉडेलमध्ये ठेवलेल्या पार्टच्या प्रतीचं) नाव पुढे लागतं त्यामुळे दोन पार्टमध्ये तोच नंबर असला तरी भांडण नाही. म्हणजे तिथेही नावच कामाला येतं ना.

मकरपुरा_मेश
इन्स्टन्स सगळीकडे नाहीत. अ‍ॅन्सिसच्या जुन्या पद्धतीत दोन फाइल एकामागून एक वाचल्या आणि नंबर तेच असले की दुसऱ्या फाइलचा नोड पहिल्याच्या जागी बसतो, शेलचा नोड उचलून सपोर्टवर. म्हणून आधी नमऑफ कमांडने आकडे वर ढकलायचे आणि मगच दुसरी फाइल वाचायची. नंतर नमकॉम्प चालवून मधली भोकं बुजवायचा मोह होतो, तो टाळा, ठरवलेल्या रेंजा एका कमांडमध्ये जातात. आणि नममर्ज! एकाच जागी असलेले नोड जुळवताना कमी नंबरचा ठेवतो, कॉन्टॅक्टच्या (एकमेकांना टेकणाऱ्या दोन भागांच्या) दोन बाजूंचे नोड एकमेकांवर असले तर तेही चिकटवून टाकतो. फ्लेंज आणि गॅस्केट एकजीव झालेलं मी पाहिलंय. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या रेंजा वेगळ्या असतील तर कोण कुठे गेला ते लगेच दिसतं, म्हणून मी रेंजवर अडून आहे.

तुझा २०४५१२ वाला मुद्दा मात्र खरा आहे, रात्री त्यावर खूप विचार केला. नुसत्या रेंजने मी वाचलो नसतो. म्हणून तर ९ लाखाचे नोड आहेत, त्या जागी जॉमेट्रीतच पॉइंट ठेवतो म्हणजे मेशरला तिथे नोड टाकावाच लागतो, आणि मेश झाल्यावर त्याच नोडला ठरलेला नंबर देतो.

फायनल_इयर_मांजलपूर
काका, दादा, एक शंका. सर सांगतात नंबर उलटे दिले की जेकोबियन (एलिमेंटचा आकार किती ते सांगणारा आकडा) निगेटिव्ह येतो. मग नंबरने उत्तरावर फरक पडतो ना? तुम्ही म्हणताय पडत नाही.

ग्राफपेपर_बडोदा
चांगला प्रश्न विचारलास, यात पुष्कळ जण गोंधळतात. दोन गोष्टी वेगळ्या आहेत बेटा. नोडवर ५ लिहिलंय की ५०००, त्याने उत्तर बदलत नाही. पण एका एलिमेंटच्या ओळीत त्याचे चार नोड कोणत्या क्रमाने लिहिलेत त्याने सगळं बदलतं. कागदावर घड्याळाच्या उलट दिशेने जायचं. सपाट सॉलिड एलिमेंटमध्ये उलटं गेलास तर क्षेत्रफळ ऋण निघतं आणि सॉफ्टवेअर अडवतं. शेल एलिमेंटमध्ये मात्र अडवत नाही, नॉर्मल (पृष्ठभागाला काटकोनातली दिशा) दुसऱ्या बाजूला वळतो, आणि आतला प्रेशर बाहेरून लागतो. म्हणून शेलवर लोड लावायच्या आधी नॉर्मलचे रंग बघायचेच, दर वेळी.

सेट_बांधा
दादा, हार्ड पॉइंटची (जॉमेट्रीत ठेवलेल्या पॉइंटची) कल्पना चांगली, पण मग पुढचं पाऊल टाका ना. पॉइंट जॉमेट्रीत आहेच तर त्यालाच नाव द्या आणि स्क्रिप्टला नावाने नोड मागू द्या, ९००००१ कशाला? तुम्ही मेशनंतर हाताने नंबर देताय म्हणजे ती एक जास्तीची पायरी आहे आणि घाईत एक दिवस ती राहणार. आमच्या स्क्रिप्टमध्ये नोड उचलला की त्याचे कोऑर्डिनेट छापतो, ड्रॉइंगवरच्या जागेपासून अर्धा मिमीहून लांब असेल तर तिथेच थांबतो. रेंज न ठेवताही तुमचा सॅडल पकडला गेला असता.

मकरपुरा_मेश
कोऑर्डिनेटची तपासणी आजच घालतो, ती आधी नव्हती ही माझी चूक. पण नाव फाइलबरोबर सगळीकडे जात नाही रे. आमचा क्लायंट नोडची यादी टेक्स्टमध्ये मागतो, त्याच्याकडचं सॉफ्टवेअर वेगळं, तिकडे आपले सेट पोचतच नाहीत, पोचतात ते फक्त आकडे. दोन वर्षांनी तोच माणूस विचारतो ९००००३ ला किती आलं होतं, तेव्हा त्याच्या हातात फक्त तो आकडा असतो.

सेट_बांधा
मग यादीत नंबरच्या शेजारी एक्स, वाय, झेड लिहून द्या. नंबर जुना होतो, जागा होत नाही.

पीथमपूरचा_पाहुणा
जागासुद्धा होते. पुढच्या रिव्हिजनला नोझल ४० मिमी सरकलं तर तुमची तपासणी रोज थांबेल आणि लोक ती बंद करतील, आमच्याकडे केली होती.

मकरपुरा_मेश
म्हणून तर नोझलचा स्वतःचा लोकल अक्ष घेऊन त्यात जागा लिहायची. नोझल सरकलं की अक्षही त्याच्याबरोबर सरकतो. उद्या सकाळी त्याच व्हेसलवर करून बघतो, पॅड १४ चा १६ करून मुद्दाम मेश मोडतो, आणि ९००००१ कुठे जातो ते इथे लिहितो.