बाबांचा जुना फिल्म कॅमेरा आगफा क्लिक थ्री घेऊन प्रागला जातेय, टिप्स द्या

रोलवाली: ऑक्टोबरमध्ये ४ दिवस प्रागला आहे. कॅमेरा घरी कपाटात पडून होता, शटर चालतंय, मागची लाल खिडकीपण (फोटोचा नंबर दिसतो ती) नीट आहे. १२० साइजच्या फिल्मच्या एका रोलमध्ये १२च फोटो, म्हणून टेन्शन आलंय. कुठला रोल घेऊ आणि चार्ल्स ब्रिजवर कधी जाऊ?

चौकटराजा: ऑक्टोबरमध्ये ढगाळ असतं बऱ्याचदा, तर ISO ४०० चा (कमी उजेडात चालणारा) ब्लॅक अँड व्हाइट घे, उन्हासाठी एखादा १०० चा. ब्रिजवर सूर्य उगवताना जा, दुपारी पाय ठेवायला जागा नसते. जुन्या शहराच्या बाजूने गेलीस की ऊन पाठीमागून येतं आणि समोरचा किल्ला उजळतो. पूल १३५७ मध्ये बांधायला घेतलेला, कठड्यांवर ३० पुतळे आहेत, पण सगळे टिपायच्या मागे लागू नकोस, एकच काळवंडलेला पुतळा, मागे आकाश, बास. हा कॅमेरा जवळचं धूसर करतो म्हणून ८-१० फूट लांब राहा. आणि श्वास रोखून हळूच दाब गं, शटर स्लो आहे, मी कठड्यावर टेकवून काढायचो.

जुना_निगेटिव्ह: एअरपोर्टवर रोल पारदर्शक पिशवीत हातात ठेव, हाताने तपासा म्हणून विनंती कर, नवीन सीटी स्कॅनरमध्ये फिल्म खराब होते. चेक-इन बॅगेत तर अजिबात नको.

रोलवाली: मनापासून थँक्यू दोघांनाही! ४०० चे ३ रोल मागवले, बाबांना सांगितलं तर त्यांनी लगेच लेन्स पुसून ठेवली.