एस्टीम १.३ ला ड्रॅगसाठी तयार करायचंय, बजेट एक लाख. पैसे आधी कुठे घालू? (नागपूर)

जुनीएस्टीम३१ :
नमस्कार मंडळी. बाबांची २००१ ची एस्टीम आहे. १.३ लिटर, १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन, कागदावर ८५ बीएचपी. री-पासिंग झालंय, एसी थंड करतो, बॉडीला गंज नाही. तिला ४०२ मीटरच्या ड्रॅगलायक (उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत पळायची शर्यत) करायचंय. रीतसर इव्हेंटसाठी, लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन होतं तशासाठी. रस्त्यावरच्या भानगडी नकोत. बजेट एक लाख, फार ताणलं तर सव्वा. घाट रोडवरचा एक मेकॅनिक म्हणतो बलेनोचं १.६ इंजिन टाकू. मित्र म्हणतो फ्री-फ्लो (मोकळा सायलेन्सर) आणि कोन फिल्टर (डब्याशिवायचा उघडा एअर फिल्टर) बसव, बास झालं. अट एकच, गाडी नंतरही रोजच्या वापरात राहिली पाहिजे, आई बसते तिच्यात.

वर्धारोडचा_भाऊ :
अबे १.६ टाक ना, विचार काय करून राहिला? त्याच घराण्यातलं इंजिन आहे, माउंटिंगचा जास्त ताप नाही. ८५ चे ९४ होते, टॉर्क तर त्याहून वाढते. वरून सायलेन्सर मोकळा केला की सदरपर्यंत आवाज जाईल.

पाना_१२_१४ :
आवाज सदरपर्यंत जाईल, गाडी मात्र स्टार्ट लाइनवरच उभी राहील.

जुनीएस्टीम३१, तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते. सुटताना वजन मागे जातं, नाक वर उठतं आणि ज्या चाकांना पकड हवी तीच हलकी होतात. त्यात डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) साधं, त्यामुळे एक चाक जागच्या जागी रबर जाळतं आणि दुसरं आरामात बघत बसतं. पहिल्या १८ मीटरमध्ये, म्हणजे ज्याला साठ फूट म्हणतात तिथे, दोन दशांश सेकंद वाचले तर शेवटच्या रेषेवर साधारण तीन दशांश वाचतात. इंजिनाला हात न लावता.

आता हिशोब. ढोबळ सूत्र असं, की वेळ ही वजन भागिले ताकद याच्या घनमुळाच्या प्रमाणात असते. ड्रायव्हरसकट गाडी ९४५ किलो धरली आणि ८५ बीएचपी, तर सूत्र १७ सेकंदांच्या आसपास दाखवतं. खऱ्या ट्रॅकवर त्याहून जास्तच लागेल, पण तुलनेला पुरतं. १.६ टाकून ९४ केले तर अर्धा सेकंद, थोडं वर. ५० किलो उतरवले तर ०.३ सेकंद. म्हणजे भाऊ म्हणतोय ते खोटं नाही, १.६ ने फरक पडतो. फक्त त्या अर्ध्या सेकंदासाठी अख्खं बजेट जातं आणि कागदांचं लफडं गळ्यात पडतं ते वेगळं.

५० किलो उतरवणं अवघड नाही. स्टेपनी, जॅक, टूलकिट, डिकीतला सबवूफर आणि त्याची लाकडी पेटी, दाराच्या खणात साठलेला संसार. टाकीत ३० लिटर पेट्रोल कमी ठेवलं की २२ किलो तिथेच गेले. मागची सीट काढायची परवानगी इव्हेंटमधल्या तुमच्या वर्गात आहे का ते नियमावलीत बघा. आणि एक, रिअर-व्हील ड्राइव्हवाले बॅटरी डिकीत नेतात त्यांची नक्कल करू नका. तुम्हाला वजन नाकावरच हवंय.

पहिला खर्च तब्येतीवर. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याची तपासणी) करून घ्या, चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असले पाहिजेत. एक जरी पडलेला असेल तर बाकी सगळ्या गप्पा बंद, आधी ते. टायमिंग बेल्ट दिसायला कसाही असो, कधी बदलला ते आठवत नसेल तर बदला. मग इंजिन माउंटिंग. २००१ चं रबर असेल तर ते आता रबर राहिलेलं नाही. क्लच सोडताच इंजिन मागे झुकतं, चाक उड्या मारतं आणि ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटची वाट लागते. बॉनेट उघडं ठेवून कोणाला तरी हँडब्रेक ओढून पहिल्यात क्लच किंचित सोडायला सांगा, तुम्ही बाजूला उभं राहून बघा, पुढे नाही. इंजिन बोटभर हललं तर ठीक, वीतभर हललं तर माउंटिंग गेलं.

क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी, चांगल्या कंपनीची. सिरॅमिक क्लचच्या नादाला लागू नका, आईला सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये झटके बसतील. फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाला फिरणारं जड चाक) लेथवर उतरवून हलकं करून देतो असं कोणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. हलक्या फ्लायव्हीलने इंजिन पटकन चढतं हे खरं, पण सुटताना त्याच वजनात साठलेली ताकद कामाला येते. ती गेली की गाडी दबते. शिवाय बॅलन्सिंग न करता कापलेलं बीड सहा हजार आरपीएमला फुटलं तर पाय जायची पाळी.

आता कोन फिल्टर. नागपुरात मेच्या दुपारी ४५ अंश असतात. डिसेंबरच्या सकाळच्या १५ अंशांच्या तुलनेत ती हवा नऊ टक्क्यांहून जास्त विरळ असते. म्हणजे ८५ मधले सात-आठ बीएचपी नुसत्या उन्हाने खाल्ले, जवळपास १.६ जेवढे देणार होतं तेवढेच. उघडा फिल्टर बॉनेटखाली लावला की तो बाहेरची नाही, रेडिएटरने तापवलेली हवा ओढतो. मूळचा डबा राहू द्या, आत नवा फिल्टर टाका आणि हेडलाइटमागून थंड हवेचा पाइप आणा. मला विचाराल तर पाचशे-हजारात एवढं देणारं दुसरं काम नाही.

४-२-१ हेडर (इंजिनातून निघणाऱ्या चार धूरनळ्या आधी दोन, मग एक करणारा पाइप) पैसे उरले तर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढू नका, पीयूसीला अडकाल.

आणि इंधनाच्या रबरी नळ्या. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. फुल थ्रॉटलला जुना ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, म्हणून ई२० वर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. दोन-चार जोरदार रन झाल्यावर प्लग काढून बघा, पांढरे फटक दिसले तर थांबा.

कागदपत्र_काका :
इंजिन बदलण्याबद्दल थोडं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ नोंदींपासून गाडी बदलता येत नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. १३०० ची १६०० केली तर आधी आरटीओची परवानगी लागते, ती मिळेलच असं धरून चालू नका. एमएच-३१ असो की ४९, पुढच्या पासिंगला इंजिन नंबर बघतातच. शिवाय क्षमता वाढली की इव्हेंटमध्ये वरच्या वर्गात जाऊ शकता. तिथे तुमच्यासमोर टर्बोवाले उभे.

दुसरं, गाडी बाबांच्या नावावर आहे ना? त्यांचं लेखी संमतीपत्र ठेवा. आणि त्यांना आधीच सांगा, नेहमीच्या विमा पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. धावपट्टीवर काही झालं तर खर्च तुमचा.

वर्धारोडचा_भाऊ :
बरं राजेहो, १.६ राहू द्या. पण प्रॅक्टिस कुठं करेल हा? समृद्धीवर पहाटे कोणी नसते.

कागदपत्र_काका :
समृद्धीवर कारला १२०ची मर्यादा आहे आणि शर्यतीला कलम १८९. पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय पहाटे पेंगलेला ट्रकवाला कुठल्या लेनमध्ये असेल ते त्यालाही ठाऊक नसतं. त्यापेक्षा इव्हेंटला जितके रन मिळतील तितके घ्या.

जुनीएस्टीम३१ :
सगळ्यांचे आभार. १.६ रद्द. दोन शंका. टायर सध्या १७५/७० आर१३ आहेत, खोली छान दिसते, तेच चालतील का? आणि वजन करायला कुठे जाऊ?

पाना_१२_१४ :
खोलीवर जाऊ नका. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. एवढं जुनं रबर नागपूरच्या उन्हात दगड झालेलं असतं, नखाने दाबून बघा. पाच वर्षं ओलांडली असतील तर निदान पुढची जोडी नवी. तेरा इंचात चांगला माल आता कमी मिळतो. १८५/६० आर१४ घेतले तर बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, ५७५ मिलिमीटरच्या जागी ५७८, म्हणजे गिअरिंग बिघडत नाही. रिम हलकं बघा. त्याहून मोठं काही घेऊ नका, दिसायला भारी, पळायला जड. रनच्या वेळी पुढे दोन-तीन पीएसआय कमी, मागे तेवढीच जास्त, आणि परत निघताना आठवणीने पूर्ववत. टायर, क्लच, माउंटिंग, ब्रेक ऑइल एवढं झाल्यावर उरतील त्यातून चांगलं हेल्मेट आणि अग्निशामक. तपासणीत ऑइलगळती आणि सैल बॅटरी दिसली की सरळ परत पाठवतात, ते घरूनच बघून जा.

वजनाला कळमन्याकडे कुठल्याही धरमकाट्यावर जा. काटा ट्रकचा असतो, दहा-वीस किलोंचा फरक धरा. आधी अख्खी गाडी चढवा, मग नुसती पुढची चाकं काट्यावर ठेवून दुसरी पावती घ्या. सामान काढण्याआधी एकदा आणि काढल्यावर एकदा. चारही पावत्या इथे टाका, मागच्या स्प्रिंगचं काय करायचं ते त्यावरून सांगतो.