कंबरदुखीत सुया नेमक्या कुठे, किती खोल आणि किती सिटिंग?

प्रश्न – कृष्णाकाठ

नमस्कार. फिजिओथेरपीसोबत अ‍ॅक्युपंक्चरचा अभ्यासक्रम चालू आहे. रुग्ण ४६ वर्षांचे, बैठं काम, पाच महिन्यांपासून कंबर दुखते. दुखणं उजवीकडे जास्त, कुल्ल्यापर्यंत जातं, गुडघ्याच्या खाली नाही. पायात ताकद पूर्ण आहे, बधिरपणा नाही. एमआरआयमध्ये एल४-एल५ ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) चकती थोडी फुगलेली.

पुस्तकात यूबी २३, यूबी २५, ड्यू ३, जीबी ३० आणि यूबी ४० हे सुया टोचायचे बिंदू दिलेत. खोली 'त्सुन'मध्ये (अंगठ्याच्या रुंदीएवढं माप) आहे, पण बारीक माणूस आणि जाड माणूस यांत मिलीमीटरचा हिशेब कसा लावायचा? यूबी २३ ला मूत्रपिंडाची भीती कितपत खरी? आणि किती सिटिंगनंतर 'उपयोग होत नाही' असं रुग्णाला सांगावं?

उत्तर १ – सुईघर

आधी जागा पक्की करा, खोलीचं नंतर. दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांवर ठेवून आडवी रेघ धरली की ती एल४ वर येते असं शिकवतात. पण कातडी आणि चरबीमुळे हात वर राहतात आणि बोटांनी धरलेली रेघ बरेचदा एल३ किंवा एल३-एल४ च्या फटीवर पडते. म्हणून खालूनही मोजा. कुल्ल्यावरच्या दोन खळग्यांच्या रेषेत एस२ (कमरेखालच्या त्रिकास्थीचा दुसरा मणका) येतो, तिथून एक-एक मणका चाचपत वर जा. दोन्ही मोजण्या जुळल्या तरच खूण करा.

एल२ च्या खालच्या कडेपासून बाजूला दीड त्सुन म्हणजे यूबी २३, एल४ च्या खाली तेवढ्याच अंतरावर यूबी २५. त्सुन रुग्णाच्या अंगठ्याच्या सांध्याची रुंदी धरून मोजायचा, तुमच्या नव्हे. रुग्णाची चार बोटं जोडून तीन त्सुन होतात, त्याचं अर्धं घ्या.

या दोन्ही जागांना ०.२५ × ४० मिमीची सुई पुरते. बारीक माणसात २० ते २५ मिमी, जाड माणसात ३० ते ३५. आकडा पाठ करण्यापेक्षा बोटाखाली काय लागतं ते ओळखा: कातडी, मग सैल चरबी, मग फॅसियाचा (स्नायूवरच्या चिवट पडद्याचा) हलका अडथळा, आणि त्यानंतर सुई पकडणारा स्नायू. तिथे जडपणा किंवा ठणका आला की थांबायचं. टोक किंचित कण्याकडे वळवा, बाहेरच्या बाजूला कधीच नाही.

मूत्रपिंडाची भीती खरी आहे, पण यूबी २३ पेक्षा यूबी ५२ ला जास्त. ती जागा त्याच पातळीवर तीन त्सुन बाहेर आहे आणि तिथे सरळ खोल टोचलं तर धोका मोठा. या रुग्णाला तिची गरजही नाही.

जीबी ३० कुशीवर झोपवून, वरचा पाय दुमडून घ्या. मांडीच्या वरच्या बाहेरच्या हाडाचा उंचवटा आणि माकडहाडाच्या वरची खाच यांना जोडणाऱ्या रेषेवर, उंचवट्याकडून एक तृतीयांश अंतरावर. इथे ०.३० × ७५ मिमीची सुई लागते. पायात वीज उतरल्यासारखी झाली तर सायटिक नस लागली आहे. सुई थोडी मागे घ्या, तिथेच फिरवू नका.

यूबी ४० म्हणजे गुडघ्याच्या लवणीचा मध्य. खाली धमनी आणि टिबिअल नस आहे, २५ मिमीच्या पलीकडे काहीच मिळवायचं नसतं. फुगलेल्या शिरा दिसत असतील तर ती जागा सोडा.

उत्तर २ – पुरावा-आधी

वरची शरीररचना अगदी बरोबर. पण जागा दोन मिमी चुकली म्हणून गुण आला नाही, असा निष्कर्ष काढू नका. जर्मनीतल्या ११६२ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २००७ मध्ये आला. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरमध्ये ४७.६ टक्के, भलत्या ठिकाणी वरवर टोचलेल्यांत ४४.२ टक्के, आणि औषध-व्यायामाच्या नेहमीच्या उपचारात २७.४ टक्के लोकांना फरक पडला. अमेरिकेत २००९ च्या ६३८ जणांच्या चाचणीत एका गटाला सुईच्या नळीतून फक्त दातकोरणी टेकवली होती. त्यांनाही सुया टोचलेल्यांइतकाच आराम मिळाला.

म्हणूनच मार्गदर्शक तत्त्वं एकमुखी नाहीत. ब्रिटनच्या नाइसने (उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था) २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी देऊ नका म्हटलं, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये पर्यायांत ठेवलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीत सशर्त मान्यता दिली. रुग्णाला हे सोप्या शब्दांत सांगायलाच हवं. 'चकती आत बसवतो' असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. फुगलेली चकती अनेक न दुखणाऱ्या कमरांतही दिसते.

सिटिंगबद्दल: जर्मन चाचणीत आठवड्याला दोन याप्रमाणे दहा होत्या, अर्धवट गुण आलेल्यांना आणखी पाच. प्रत्यक्षात सहा झाल्यावर हिशेब करा. सुरुवातीला तीन गोष्टी लिहून ठेवा: ० ते १० मध्ये दुखणं, सलग किती मिनिटं बसता येतं, आणि वाकल्यावर बोटं जमिनीपासून किती सेंमी राहतात. सहाव्या सिटिंगला दुखणं दोन गुणांनीही कमी नसेल आणि बसण्याचा वेळही तोच असेल तर थांबा. सुयांनी मिळालेल्या आरामात रोजचं चालणं आणि कमरेचे व्यायाम वाढवले नाहीत तर दुखणं परत येतं. खरं काम तिथे आहे.

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. इलेक्ट्रो (सुयांतून हलका करंट) लावायचं असेल तर? आणि सुई अडकली तर?

उत्तर ३ – सुईघर

इलेक्ट्रोसाठी एकाच बाजूच्या यूबी २३ आणि यूबी २५ ची जोडी करा, २ हर्ट्झपासून सुरू करा, २० मिनिटं. स्नायू हलका फडफडताना दिसला आणि रुग्णाला त्रास नाही, तेवढाच करंट. मशीन सुरू करण्यापूर्वी सगळ्या बटणांचे आकडे शून्यावर आणा. आधीच्या रुग्णाचं सेटिंग तसंच राहिलं तर पहिला झटका जोरात बसतो. पेसमेकर असेल तर इलेक्ट्रो नाहीच.

अडकलेली सुई ओढू नका. बहुतेक वेळा स्नायू आवळलेला असतो किंवा सुई एकाच दिशेने फिरवल्यामुळे तंतू गुंडाळले गेलेले असतात. दहा मिनिटं थांबा, आजूबाजूला बोटांनी थापटा, फिरवली होती त्याच्या उलट दिशेने अर्धा वळसा द्या. तरीही नाही, तर दोन सेंमीवर दुसरी सुई टोचा, पहिली सुटते. रुग्णाने मध्येच कूस बदलली तर सुई वाकते. म्हणून पालथं झोपवताना पोटाखाली आणि घोट्याखाली उशी आधीच द्या.

उपाशीपोटी आलेल्याला पहिल्याच दिवशी टोचू नका, भोवळ येते. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर कातडी वाळू द्या, ओल्या कातडीवर टोचलं की चुरचुरतं. घातलेल्या सुयांचा आकडा कागदावर लिहा आणि काढताना मोजा. कमरेखालच्या कपड्याच्या घडीत सुई राहून गेली तर उठताना ती आत जाते.

वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर जीबी ३० ला खोल जाऊ नका. ताप, घटतं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर आधी तपासणी करा, आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. आणि लघवी अडली किंवा बैठकीचा भाग बधिर झाला, तर सुयांचा विचारही नको. त्याच दिवशी इस्पितळात पाठवा.