यंत्रभागांवर कोडी रचताना उत्तर एकच कसे निघेल?

प्रश्न : पदविका-अध्यापक, भोसरी

नमस्कार. मी पदविकेच्या पहिल्या वर्षाला यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. या सत्रात प्रत्येक यंत्रभागाची ओळख व्याख्येऐवजी कोड्याने किंवा छोट्या गोष्टीने करून द्यावी असे मनात आहे. कारण ‘सुपभर लाह्या, त्यात रुपया’ हे बालपणी ऐकलेले कोडे माझ्या विद्यार्थ्यांना अजून पाठ आहे, पण गेल्या महिन्यात लिहून दिलेली दातेरी चाकाची व्याख्या आठवत नाही. मी पहिले कोडे रचले ते असे : ‘दात पुष्कळ, पण घास घेत नाही.’ वर्गातून फणी, करवत आणि खवणी अशी उत्तरे आली आणि त्यांतले एकही मला चूक ठरवता आले नाही. कोड्याची गोडी राहून उत्तर एकच निघावे, यासाठी काय बदलावे?

रेखाटनवही, कोथरूड

आपल्या कोड्यात दात दिसतात, पण त्यांचे काम दिसत नाही. लाह्या-रुपयाचे कोडे रूपसाम्यावर उभे आहे आणि चंद्र-चांदण्यांना ते पुरते, कारण तसे दुसरे काही आकाशात नाही. यंत्रांत मात्र एकच आकार दहा ठिकाणी भेटतो. म्हणून काम सांगावे. 20 दातांचे चाक 40 दातांच्या चाकाला फिरवते, तेव्हा मोठे चाक उलट दिशेने, निम्म्या वेगाने फिरते आणि घर्षण सोडले तर दुप्पट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. मग कोडे असे होईल : ‘शेजारी उजवीकडे वळला की मी डावीकडे वळतो, त्याच्या दोन फेऱ्यांत माझी एकच होते, पण ओझे मी दुप्पट पेलतो.’ इथे फणीला जागा उरत नाही.

उत्पादनाच्या रचनेसाठी मी याच्या उलट जातो, म्हणजे वस्तू न सांगता फक्त अटी देतो : ‘कठीण सुपारी फुटावी, बोट वाचावे आणि सारे एका मुठीत मावावे.’ विद्यार्थ्यांनी आधी चित्र काढावे आणि मगच त्यांना राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते दाखवावेत. त्यांची घडण आणि नक्षी परोपरीची आहे, पण टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये आणि हात दुसऱ्या टोकाला, ही मांडणी कायम आहे. सुपारी टेकूपासून 2 सेंमीवर आणि हात 10 सेंमीवर असेल, तर बल पाचपट होते. रूप बदलूनही जे बदलत नाही, त्यावरच कोडे रचावे असे मला मनापासून वाटते.

जोडारी, निवृत्त, पिंपरी

मी गोष्ट सुचवतो, कारण उमेदवारीत ती माझ्यावरच गुदरली. सायकलीचे डावे पायडल सोडवायला मी पाना नेहमीसारखा डावीकडे ओढत राहिलो, आणि जितका जोर लावला तितके ते अधिक घट्ट बसले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पायाचा भार क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्यात आवळतात त्या भुजेच्या, दृष्टीने पाहता सतत फिरत असतो, आणि आट्यांत उरलेल्या अगदी सूक्ष्म सैलपणामुळे पायडलचा दांडा त्या भाराच्या उलट दिशेला कणाकणाने सरकत राहतो; डाव्या बाजूला सरळ आटे दिले, तर ते चालवता चालवता सुटून येईल. पुष्कळांना हे पायडलमधल्या बेअरिंगच्या छर्‍यांच्या घर्षणामुळे होते असे वाटते, पण ते घर्षण उलट बाजूला ओढते. माझे कोडे असे : ‘एकाच घरचे जुळे भाऊ, ज्या वळणाने एक घट्ट बसतो, त्याच वळणाने दुसरा सुटतो.’ हे कोडे घालताना पाना विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि उत्तर त्यानेच काढावे.

पदविका-अध्यापक, भोसरी

दोघांचेही आभार. शेजाऱ्याचे कोडे काल वर्गात घातले. बहुतेकांनी दातेरी चाक ओळखले, पण एका विद्यार्थिनीने ‘दोन कप्प्यांवर फुलीसारखा पिळून घातलेला सपाट पट्टा’ असे उत्तर दिले, आणि ते दिशेला, वेगाला आणि टॉर्कला तंतोतंत लागू पडते. मग पट्टा आणि चाक यांत नेमका फरक कोणता, यावर पाऊण तास चर्चा झाली. ओझे वाढले की पट्टा थोडा घसरतो, दात घसरत नाहीत, हे मुलांनीच शोधले. वर्गाने शेवटी जोडलेली ओळ अशी : ‘ओझे कितीही वाढो, शेजाऱ्याशी माझा हिशेब एका दाताने चुकत नाही.’