मदत हवी आहे: दमा असलेल्या मुलाला घेऊन हिवाळ्यात शिजियाझुआंगला जावं का?

नमस्कार. नवऱ्याची बदली चीनच्या हेबेइ प्रांतात, शिजियाझुआंगला झाली आहे (आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं स्मारक तिथेच आहे). मुलगा सहा वर्षांचा, दम्याचा त्रास आहे. निघायचं नोव्हेंबरात, म्हणजे नेमकं तिथलं सरकारी हीटिंग सुरू होतं तेव्हा. ह्वाय नदीच्या उत्तरेला १९५०च्या दशकापासून शहरांत घरोघरी ही ऊब पुरवतात, आणि तीही वर्षानुवर्षं कोळसा जाळून. त्यात हेबेइ म्हणजे पोलाद कारखान्यांचा प्रांत.

बीजिंगची हवा सुधारली हे मान्य. पीएम २.५ची (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची) वार्षिक सरासरी २०१३ साली घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती, ती २०२१ मध्ये ३३ वर आली. पण हेबेइचं काय? २०१७ मध्ये तिथल्या खेड्यांत कोळसा बंद करून गॅस आणला, तो पुरला नाही आणि लोक ऐन थंडीत कुडकुडले. असं वाचलं की सरकारी घोषणांवर भरवसा ठेवायला मन धजत नाही.

त्या भागात राहिलेलं कोणी आहे का इथे? हवा खराब असेल त्या दिवशी शाळा मुलांना मैदानावर सोडतात का? वर्गात एअर प्युरिफायर असतो का? आणि चिनी नववर्षाला फटाके अजून वाजतात का, की बंदी खरंच पाळतात?

सासूबाई म्हणतात, दिल्लीपेक्षा बरंच असेल. असेलही, पण तिथे राहिलेल्यांकडून ऐकायचंय. इनहेलर इथूनच किती महिन्यांचे न्यावेत, तेही सांगा.