सायकलवाल्यांची पण काही जबाबदारी असते की नाही? अनुभव लिहा

टिळकरोडकर
काल संध्याकाळी एक पोरगा राँग साइडने आला. कानात बोंडं, ना घंटी ना दिवा. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला आणि गर्दीच्या शिव्याही त्यानेच खाल्ल्या. आमच्या शाळेच्या दिवसांत डायनामो बंद दिसला की चौकातला मामा चाकाची हवा सोडायचा. डबलसीट दिसलं की पावती. सायकलला महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला. मोठ्या गाडीवाल्याची जबाबदारी जास्त हे मान्यच, पण म्हणून आपली शून्य का? टाका तुमचे किस्से.

कृष्णाकाठ
आमच्याकडे उलटंच. सीझनला उसाच्या डबल ट्रॉल्या, वाडे लोंबतायत, मागे लाल फडकंसुद्धा नाही. चुलता पहाटे डेअरीला दूध घालायला निघायचा, कॅरिअरला पांढरं फडकं बांधून, दातात बॅटरी धरून. रस्त्यात पडलेल्या मोळीवर चाक चढलं, खांद्याचं हाड मोडलं. चूक कुणाची विचारलं तर ट्रॅक्टरवाला म्हणतो, उसाची.

मिसळ_कमी_तिखट
😂😂 उसाची!! काका बरे आहेत ना आता?

कृष्णाकाठ
ठणठणीत. दूध सांडलं त्याचंच दुःख अजून सांगतात.

उत्रेख्तची_वहिनी
इथे नेदरलँड्समध्ये गाडीने सायकलला ठोकलं तर सायकलवाला चुकला असला तरी निदान निम्मी भरपाई सहसा गाडीवाल्यावर. 14 वर्षांखालचं पोर असेल तर जवळपास सगळीच. पण सायकलवालेही मोकाट नाहीत हं. रात्री दिवा नसला की दंड, आणि 2019 पासून चालवताना फोन हातात धरला तरी दंड. आमच्या ह्यांनी भरलाय. लेकीने शाळेत सायकलची परीक्षा दिली तेव्हापासून ती बापाला वळताना हात दाखवायला शिकवते.

टिळकरोडकर
वहिनी, तो भरपाईचा नियम इथे आला तर अर्धं पुणे मुद्दाम सायकल घेईल.

रात्रपाळी
सायकलवाला म्हटलं की तुम्हाला हेल्मेटवाले हौशी दिसतात किंवा बोंडंवाली पोरं. आमचे वॉचमनकाका रोज राँग साइडनेच येतात. का, तर डिव्हायडरला कट पार पुढच्या पुलाखाली. रात्रभर उभं राहून सकाळी तेवढा वळसा कोण घालणार? सायकल ट्रॅक आहे म्हणे. त्यावर स्कूट्या लावलेल्या, मध्येच पाणीपुरीची गाडी. दिव्याचं मात्र पटलं. सोसायटीने वर्गणी काढून त्यांना मागचा लाल दिवा घेऊन दिला, तो आठवड्यात चोरीला गेला.

गुळाचा_चहा
कुकर लावलाय, पटकन लिहिते. गाडीचं दार न बघता उघडणाऱ्यांबद्दल कुणीच बोलेना! आमच्या शेजारची मुलगी अशीच दारावर आपटली, दोन टाके. तिच्याकडे घंटी होती, दिवा होता, बाजूही बरोबर होती. ड्रायव्हरने दार डाव्या हाताने उघडावं, मान आपोआप मागे वळते. आमच्या घरी सक्ती आहे.

मिसळ_कमी_तिखट
आत्ता खुर्चीत बसून करून बघितलं, खरंच वळते 👍 ते असू दे, कृष्णाकाठ, काकवी मिळेल का? मागच्या वेळची संपली.

गुळाचा_चहा
मलाही हवी!! दोन बाटल्या. शिट्टी झाली, आले.

कृष्णाकाठ
गुऱ्हाळ सुरू होऊ दे. पत्ते मेसेज करा, इथे नको. आणि मागच्या कुरिअरात बाटली फुटली त्याचे पैसे मिसळभाऊंकडून अजून यायचेत.